अक्कांनी ओटी भरलेलं इंजन

सन दोन हजार अकरा. माझं वय तेव्हा अठ्ठावन्न, आणि खटकचिंचोळीत माझ्याएवढा जुना मिस्त्री दुसरा कुणी नव्हता. आजही नाही. त्या साली अक्कांची पांढरी अँबॅसिडर माझ्या गॅरेजसमोर आली. आली म्हणजे बैलजोडीनं ओढत आणली. स्टिअरिंगवर अक्का स्वतः. कपाळाला विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि मान खिडकीतून बाहेर काढलेली. रस्त्यात शेळ्या आडव्या बसल्या होत्या. अक्कांनी हॉर्नला हात लावला नाही. "ए मल्लप्पा, तुझी लेकरं उचल की रे, पाव्हणे यायलेत," म्हणून हाक मारली. मल्लप्पा पळत आला, शेळ्या उठल्या.

अक्कांनी जन्मात हॉर्न वाजवला नाही. ज्याला बाजूला करायचं त्याचं नाव घ्यायच्या. अनोळखी असला तर जे दिसेल ते. "ओ लाल पागोटं!" "ए छत्रीवाली माय!" मी एकदा म्हणालो, अक्का, हॉर्न धड आहे, वाजवत जा. तर म्हणाल्या, "हॉर्न वाजवला की माणूस दचकतंय. नाव घेतलं की वळून बघतंय. मला वळून बघणारा पाहिजे." भालकीच्या रस्त्यानं बीदरपर्यंत ह्या बाईला ओळखणारी आणि हिला नावानं ठाऊक असलेली इतकी माणसं होती की हिला हॉर्नची गरजच पडली नाही.

अक्कांचे मालक कापडाचे व्यापारी. गाडी त्यांनी हौसेनं घेतलेली, सोमवारी मठात आणि लग्नाकार्याला काढायची, एरवी पुसून ठेवायची. ते गेल्यावर गाडी ताडपत्रीखाली गेली. मुलगा बसवराज पुण्यात नोकरीला. अक्का घरात एकट्या. पण एकटं बसणं त्यांना जमणारं नव्हतं. गल्लीतल्या बायका जमवून त्यांनी कडक भाकरीचं काम काढलं. कडक भाकरी म्हणजे ज्वारीची पातळ, पापडासारखी वाळवलेली, महिनाभर टिकते. बीदरच्या मेसवाल्यांनी मागणी धरली. माल एस्टीनं जायचा. कंडक्टर बोचकं टपावर फेकायचा आणि बीदरला निम्मा चुरा पोचायचा. "मी काय चिमण्यांना दाणे घालायला बीदरला जायलेय व्हय?" असं म्हणून अक्कांनी ताडपत्री काढली आणि पन्नाशी उलटल्यावर भाच्याकडून गाडी शिकून घेतली.

गाडी शिकल्या, पण पेट्रोलनं जीव काढला. भाकरीतून जे सुटायचं ते गाडी पिऊन टाकायची. तिकडून बसवराजचा फोन रोज. आई, विक ते धूड आणि पुण्याला ये. शेवटी मायलेकरांत बोली झाली, की गाडी परवडंना झाली, बंद पडली, तर आईनं मुकाट पुण्याला यायचं. म्हणून तर बैल लावून गाडी माझ्याकडं आली. टाकी कोरडी होती आणि अक्कांनी लिंगावर हात ठेवून शपथ घेतली होती, की आता हिच्यात पेट्रोलचा थेंब घालणार नाही.

"मिस्त्री, हिला डिझेलचं इंजन बसवा," म्हणाल्या. "न्हाई बसलं तर मी पुण्याला. चौथ्या माळ्यावर बसून कबुतरं हाकायची. बायकांचं काम गेलं, माझं कायक गेलं. काय तुमच्या हातात हाय ते समजून हात लावा."

कायक म्हणजे ह्या लिंगायत लोकांत नुसता धंदा नव्हे. काम हीच पूजा असं मानणारी ती माणसं. पण मी सरळ नाही म्हणालो. डिझेल इंजन जड, त्याचा क्लच जड, बाईमाणसाच्या पायाला झेपणार नाही. मला जे वाटतं ते मी तोंडावर सांगतो.

"उकळत्या पाण्यात ज्वारीचं पीठ मळलंय का कधी?" अक्कांनी विचारलं. "हात भाजायलाय तरी सोडता येत न्हाई, न्हाईतर भाकर फाटती. त्याच्यापुढं तुमचा क्लच म्हंजी लोणी."

"तुमी पीठ पायानं मळता व्हय अक्का?"

अक्का इतक्या हसल्या की बैल बिचकले. हसता हसता बैल सोडून दिले आणि गाडी माझ्या दारात ठेवून चालत घरी गेल्या. म्हणजे काम मी घेतलंच होतं, मला न विचारता.

पूर्वी टॅक्सीवाल्यांच्या गाड्यांना मॅटाडोरचं डिझेल इंजन बसवायची रीत होती. मी कितीतरी बसवली. उदगीरच्या भंगार बाजारात जाऊन मी एक मॅटाडोरचं इंजन गिअरबॉक्ससकट बघितलं, उघडलं, आतून हात फिरवला, आणि तेच आणलं. लोकांना वाटतं जुनं काढलं, नवं ठेवलं, नटबोल्ट आवळले, झालं. तसं नसतं. गाडी एका अंगाची, इंजन दुसऱ्या अंगाचं. पाया नवा करावा लागतो. जड इंजन बसलं की गाडीचं नाक खाली जातं, मग पुढचे टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्या, पिळून ते उचलावं लागतं. रेडिएटर मोठा, बॅटरी मोठी. आणि जुन्या गाडीचे गिअर स्टिअरिंगच्या दांडीवर, ह्याचे खाली, म्हणून पायाजवळचा पत्रा कापावा लागला. पत्रा कापताना तेवढ्या अक्का तोंड फिरवून बसल्या. मालकांनी त्या पत्र्यावर कुणाला चप्पल घालून पाय ठेवू दिला नव्हता.

काम चालू असेपर्यंत अक्का रोज यायच्या. पालथ्या खोक्यावर बसून सुपात ज्वारी निवडायच्या आणि एकेक भागाचं नाव विचारायच्या. मला काम करताना बोललेलं खपत नाही, हे गावाला ठाऊक आहे. अक्कांना कुणी सांगितलं नसावं. त्या प्रत्येक गोष्ट आपल्या हिशेबानं लावून घ्यायच्या.

"म्हंजी इंजन ही सून. हा डबा गिअरचा, तो नवरा. अन् ही दोघांच्या मधली जाड पट्टी?"

"ती प्लेट. एकाला दुसरं जोडायला."

"ती सासू की मग. वाकडी बसली तर सगळं घर हादरणार."

ही गोष्ट मात्र शंभर टक्के खरी. ती प्लेट केसभर वाकडी बसली तर गाडीचा आरसासुद्धा थरथर कापतो. मी ती चार वेळा काढून बसवली. तेव्हापासून माझ्या गॅरेजात त्या प्लेटला सासूच म्हणतात.

जुनं पेट्रोल इंजन न्यायला भंगारवाला आला तर अक्कांनी त्याला सूप उगारून हाकलला. "घरात इतकी वर्षं राबलेलं माणूस भंगारात घालतोस व्हय रे?" ते इंजन बैलगाडीतून घरी गेलं आणि अंगणात पाण्याच्या हौदाशेजारी बसलं. दसऱ्याला त्याला हार असायचा.

नवं इंजन साखळीनं वर घेतलं, गाडीवर आणलं, आता सोडायचं, तर अक्का आडव्या आल्या. "थांबा. सून घरात आणायली अन् ओटी न्हाई?" पदरातून खण, नारळ, हळकुंड, मूठभर तांदूळ काढले. माझी बायको तिथं डबा घेऊन आली होती. तिनं हळूच मला ढोसलं. अक्का विधवा, त्यांनी ओटी कशी भरायची? अक्कांच्या कानावर गेलंच. "तू भर म्हणायलीस व्हय? तू भर, मीबी भरते. इंजनाला काय ठाऊक, कोण सवाष्ण अन् कोण न्हाई!" मग दोघींनी मिळून भरली. मी साखळी धरून उभा, वर डिझेलचं धूड लोंबतंय, आणि ह्या दोघी त्याला हळदकुंकू लावायल्या. मी बरंच काही बोललो. ते इथं लिहीत नाही.

येळवशीच्या आदल्या दिवशी इंजन चालू झालं. आमच्या भागातली येळवस, म्हणजे मार्गशीर्षाची अमावास्या, म्हणजे गाव ओस आणि शेत भरलेलं. कडब्याची कोपी करायची, पाच दगडांचे पांडव मांडायचे, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडकंभर ताकाची अंबील घेऊन सगळा गोतावळा रानात. आता पेट्रोलची गाडी किल्ली फिरवली की बंद होते. जुन्या डिझेल इंजनाला किल्लीचं काही देणंघेणं नाही. एक वायर ओढून पंपातलं डिझेल तोडावं लागतं, मग ते थांबतं. ती वायर बीदरला मिळणार होती आणि सणाला दुकानं बंद. त्या दिवशी मी बोनेटमधली पट्टी बोटानं दाबून इंजन थांबवलं, आणि अक्कांना सांगितलं, सण होऊ द्या, मग न्या. लोक म्हणतात मिस्त्री वायर विसरला. मी विसरलो नव्हतो. अक्का सणाच्या सकाळीच येऊन गाडी घेऊन गेल्या, कारण नव्या सुनेचा पहिला सण.

मी माझ्या शेतात पहिला घास घेतला असेल नसेल, तर मल्लप्पा धापा टाकत आला. "मिस्त्री, लवकर चला. अक्कांची गाडी थांबंना झालीय!"

"कुठं धडकली?"

"धडकली न्हाई. उभी हाय. पण थांबंना."

येळवशीला जेवण टाकून कोपीतून उठत नाहीत. मी भज्जी खाल्ली, अंबील प्यालो, मग निघालो.

अक्कांच्या शेतात जत्रा भरली होती. आजूबाजूच्या सगळ्या रानातली माणसं अंबिलीचे पेले हातात घेऊन गाडीभोवती उभी. गाडी धडधड धडधड करायलेली, मडकी हलायलेली. किल्ली अक्कांच्या हातात. कुणी म्हणे घोंगडं टाका, कुणी म्हणे पाणी ओता, एक शहाणा म्हणाला, डिझेल संपलं की आपोआप गप्प होईल, उद्यापर्यंत वाट बघा. आणि बंपरसमोर पळसाच्या पानावर भज्जी, उंडा, वर तुपाची धार.

"रुसली असंल," अक्का म्हणाल्या. "पहिला सण हाय. नैवेद्य दाखवला तरी ऐकंना."

मी बोनेट उघडलं, पट्टी दाबली. सगळं रान एकदम शांत झालं.

"एवढंच?" अक्का माझ्याकडं बघतच राहिल्या. "एका बोटाचं काम, अन् तेवढ्यासाठी मी तिच्या पाया पडले! तू काय करायलास इतका वेळ? जेवून आलास व्हय?"

"व्हय."

"बरं केलंस. आता माझ्याकडंबी जेव."

तोपर्यंत त्या मला तुमी म्हणायच्या. त्या दिवसापासून तू. माझ्यापेक्षा त्या चारसहा वर्षांनीच मोठ्या असतील, पण मला सख्खी बहीण नाही, आणि तू म्हणून रागावणारं माणूस घरात नसलं की काय होतं ते मला ठाऊक आहे. मी पुन्हा जेवलो.

गाडीचं इंजन बदललं की सरकारी ऑफिसात नोंद करावी लागते. मी म्हणालो एजंट गाठू. अक्का म्हणाल्या, कामून? चोरी केलीय का? बीदरला स्वतः खिडकीवर जाऊन उभ्या राहिल्या. आतल्या साहेबांनी कन्नडमध्ये विचारलं, आजी, ह्या गाडीत त्या गाडीचं इंजन कसं काय? अक्का म्हणाल्या, "तुमच्या घरातली सून दुसऱ्या गावचीच हाय की न्हाई? नांदायलीय ना?" सगळं ऑफिस हसलं. चकरा मात्र माराव्या लागल्याच. हसून काम होत असतं तर काय पाहिजे होतं. पण नोंद रीतसर झाली.

मग दहाएक वर्षं ती गाडी रोज बीदरला गेली. डिझेल इंजन चालू करायच्या आधी त्याचा हीटर तापवावा लागतो, पहाटे त्याची वाट बघत अक्का बसून राहायच्या. "थंडीत म्हाताऱ्या माणसाला उठवताना घाई करू नी," म्हणायच्या. मागच्या सीटवर भाकरीच्या चवडी, शेजारची सीट कधी रिकामी नाही. रस्त्यात बाळंतीण दिसली, दवाखान्याला निघालेलं म्हातारं दिसलं, की गाडी थांबायची. सोमवारी एक चवड मठात, दासोहाला, म्हणजे तिथल्या अन्नदानाला. आणि महिन्यातून एकदा माझ्या दारात भांडायला. "सून खोकायली, मिस्त्री." मी म्हणायचो काही खोकत नाही. त्या म्हणायच्या माझ्या घरातलं माणूस मला कळंना का? मग उघडून बघायचं. बहुतेक वेळा माझंच खरं निघायचं. एकदोनदा त्यांचं.

नंतर अक्कांचे डोळे गेले. एकदम नाही गेले. ऑपरेशन झालं, चष्मा झाला, तरी संध्याकाळी परत येताना एकदा पुलाच्या कठड्याला गाडी घासली, एकदा कुणाच्या तरी कडब्याच्या गंजीत शिरली. बातमी पुण्याला पोचली आणि बसवराज आला. घरी जायच्या आधी माझ्याकडं आला. चहा सांगितला, तो त्यानं घेतला नाही.

"मिस्त्रीकाका, एक उपकार करा. आईला सांगा की इंजन संपलं. आता दुरुस्त होत न्हाई म्हणा. आमची बोली ठरलेली हाय, गाडी बंद पडली की ती येईल. माझं ऐकत न्हाई, तुमचं ऐकंल."

"कुठलं इंजन संपलं?"

"अहो, संपलं म्हणायचं नुसतं."

"ते मी बसवलंय. तुझी आई पुण्याला जाईल, अन् इकडं बीदरपर्यंत बोभाटा होईल की ह्याचं इंजन टिकलं न्हाई. माझ्या तोंडानं मी ते म्हणणार न्हाई. तुझ्यासाठी न्हाई अन् तिच्यासाठीबी न्हाई."

"तुमचं नाव मोठं, का माझी आई?" त्यानं विचारलं. "एखाद्या दिवशी धडकून मरंल ती, काका. तेव्हा इंजन धड होतं म्हणून सांगत बसा गावाला."

पोरगं वाईट नव्हतं. त्याचे डोळे भरले होते. तो तसाच निघून गेला.

दुपारी अक्का गाडी घेऊन आल्या. खोक्यावर बसल्या. "बसू आला होता व्हय? काय म्हणाला?"

मी सगळं सांगितलं. त्यांच्याशी आडपडदा मला कधी जमला नाही.

"अन् तू न्हाई म्हणालास."

"न्हाई म्हणालो."

"म्हंजी इंजन धड हाय."

"आपल्या दोघांपेक्षा धड हाय."

"मग झालं तर," म्हणत अक्का उठल्या, दार उघडून आत बसल्या. मी गाडीच्या समोर जाऊन उभा राहिलो. त्यांना वाटलं मी थट्टा करायलोय. मी हात करून रस्त्यापलीकडची बाभळ दाखवली. "अक्का, तिथं सावलीला कोण बसलंय?"

अक्कांनी मान बाहेर काढली. चष्मा सारखा केला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "मल्लप्पा की."

तिथं काशीबाई बसल्या होत्या. पहिल्या दिवसापासून अक्कांच्या मांडीला मांडी लावून भाकरी थापणाऱ्या काशीबाई. गाडीत बसून घरी जायचं म्हणून थांबल्या होत्या. त्यांनीच तिथून आवाज दिला, "अव्वा, मी हाय की वो, काशी!"

अक्का तशाच बाहेर बघत राहिल्या. मग मान आत घेतली. स्टिअरिंगवरची धूळ पदरानं पुसली, पूर्ण गोल पुसली.

"सून धड हाय अन् सासू गेली, असं म्हण की."

मी गाडीसमोरून त्यांच्या दाराशी आलो.

"तू खोटं बोलला असतास, तर तुला शिव्या देत देत गेले असते रे. आता कुणाला देऊ?"

त्या दिवशी गाडी मी त्यांच्या घरी नेऊन लावली. काशीबाई मागं बसल्या होत्या.

रविवारी अक्का निघाल्या. सगळी गल्ली जमली होती. बायका रडायल्या, अक्का रडल्या नाहीत. बसवराजला सामान नीट लावता येत नाही म्हणून त्याच्यावर ओरडत होत्या. बसवराजनं मला वाकून नमस्कार केला, मीही त्याच्या पाठीवर हात ठेवला. शेवटी अक्कांनी सगळ्यांसमोर गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. ही तुझी, असं म्हणाल्या नाहीत. सांभाळ, असंही म्हणाल्या नाहीत. "टायरात हवा कमी हाय उजवीकडच्या," एवढंच म्हणाल्या.

पुण्यात त्या दीड वर्ष राहिल्या. फोनवर आधी गाडीचं विचारायच्या, मग माझ्या गुडघ्यांचं. गेल्या तेव्हा बसवराजनं त्यांना इकडंच आणलं, त्यांच्या रीतीनं बसवून, मालकांच्या शेजारी शेतात माती दिली. पण ते नंतरचं.

त्या पुण्याला गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेज उघडलं नाही. हवेचा पंप घेऊन त्यांच्या अंगणात गेलो. ओट्यावर भाकरीच्या चवडी कापडात बांधून ठेवल्या होत्या. ठेवा म्हणून बायकांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि ठेवू नका असंही नाही. काशीबाई दाराच्या चौकटीला टेकून माझ्याकडं बघत होत्या. मी उजवीकडच्या टायरात हवा भरली, चवडी मागच्या सीटवर रचल्या, हीटर तापू दिला आणि बीदरचा रस्ता धरला. पहिल्या मेसच्या दारात मालक बाहेर आला आणि वाकून गाडीच्या आत बघायला लागला.

"अक्का कुठं हायत?"

"पुण्याला," मी म्हणालो. "भाकरी उतरून घ्या. हळू. मोडतील."